मिठाचा व्यापारी, न्यायाधीश आणि कोशकार

डोंबिवलीत राहणाऱ्याची दोन आयुष्ये असतात. एक सकाळच्या लोकलने मुंबईला जाते आणि बँकेत, पोस्टात, मंत्रालयात किंवा कुठल्याशा कंपनीच्या हिशेबखात्यात दिवसभर खपते. दुसरे रात्री आठनंतर घरी उघडते. या दुसऱ्या आयुष्याच्या बळावर आमच्या गावाने नाटके बसवली, वाचनालये चालवली, दिवाळी अंक काढले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. त्या तीन दिवसांत मी बहुतेक वेळ ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यांमध्येच होतो. मुद्रितशोधन हा माझा रात्रीचा उद्योग. त्यामुळे पुस्तक हातात आले की आधी मुखपृष्ठ उलटून आतले पान पाहायची सवय जडली आहे.

एका गाळ्यावर जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे मांडली होती. कोश, बखरी, गाथा, पत्रसंग्रह. प्रत्येकाच्या आतल्या पानावर ‘संपादक’ किंवा ‘संकलक’ असे छापून त्याखाली एक नाव. लेखकाचे चरित्र आपल्याला शाळेपासून पाठ असते. संपादकाचे मात्र नुसते नाव उरते. हा माणूस कोण होता, त्याची चूल कशावर पेटत होती, हे काम त्याला कोणी सांगितले, की कोणी सांगितलेच नव्हते? हा प्रश्न तिथे मनात बसला तो गेला नाही. उत्तर शोधत गेलो, तेव्हा ते फार लांब सापडले नाही. डोंबिवलीपासून धीम्या गाडीने पाच स्थानकांवर, ठाण्यात सापडले.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. रुळांमागोमाग कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, छापखाने आले. १८६४ मध्ये कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले. १८६६ मध्ये ठाण्यात ‘अरुणोदय’ पत्र सुरू झाले. वाचणारा मराठी माणूस या पट्ट्यात तयार होत होता, आणि त्याच काळात, १८७१ साली, पनवेलजवळच्या पळस्पे गावी विनायक लक्ष्मण भावे यांचा जन्म झाला.

भाव्यांचे शिक्षण ठाण्यात आणि मुंबईत झाले. विषय विज्ञानाचा. १८९५ मध्ये ते बी.एस्‌सी. झाले. उपजीविका मिठाच्या व्यापाराची. ठाण्याच्या पुढे, मुलुंड-भांडुपच्या बाजूला गाडीच्या खिडकीतून आजही मिठागरांचे चौकोनी वाफे दिसतात. भरतीचे पाणी आत घ्यायचे, बांध घालून अडवायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे आणि उन्हाने ते आटून खडा धरेपर्यंत थांबायचे. या व्यापारात असलेला, विज्ञान शिकलेला तरुण जुन्या मराठी कवितेच्या वाटेला जाईल असे कोणाला वाटले नसते. पण पदवी हातात पडण्याच्याही आधी, १ जून १८९३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विष्णु भास्कर पटवर्धन यांच्या जोडीने त्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढले.

या नावातला ‘मराठी’ हा शब्द त्या काळी साधा नव्हता. तेव्हाच्या वाचनालयांची नावे बहुधा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी असत आणि कपाटात मान इंग्रजी पुस्तकांना असे. भाव्यांनी आणि पटवर्धनांनी ठरवले ते वेगळेच: मराठीत जे छापले गेले आहे ते जमवायचे. चांगले-वाईट नंतर पाहू, आधी जमवू. ही संकलकाची पहिली आणि सर्वांत अवघड शिस्त आहे. आवडीनिवडीला कुलूप लावल्याशिवाय ती पाळता येत नाही. मुंबईला मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते पाच वर्षांनी, १८९८ मध्ये. ठाणे पुढे होते, आणि आपण ठाणे जिल्ह्यातली माणसे ही गोष्ट पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

पुस्तके जमवता जमवता भाव्यांच्या ध्यानात आले असावे की छापलेले मराठी हे मराठीचे अगदी लहान टोक आहे. खरा साठा हस्तलिखितांत होता. मठांत, देवघरांत, कुलकर्ण्यांच्या माळ्यांवर, लाल रुमालांत बांधलेला. त्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहायला घेतला. कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर ‘ग्रंथमाला’ मासिक चालवत होते. तिथे १८९८-९९ मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वत’ पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. विजापूरकरांचेही आयुष्य पुढे एका जागी राहिले नाही. त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या लेखासाठी त्यांना सरकारने तुरुंगात घातले आणि सुटून आल्यावर ते पुन्हा राष्ट्रीय शिक्षणाच्या कामाला लागले. एका मिठाच्या व्यापाऱ्याने लिहिलेला आणि पुढे राजद्रोही ठरलेल्या प्राध्यापकाने छापलेला, असा तो आपल्या वाङ्मयाचा आरंभीचा इतिहास.

इतिहास लिहिताना भाव्यांना ज्या कवींचे दाखले द्यायचे होते, त्यांच्या विश्वासार्ह संहिताच नव्हत्या. मग १९०३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ मासिक काढले. जुन्या कवींची काव्ये हस्तलिखितांवरून शुद्ध करून छापायची, एवढाच त्याचा उद्देश. हे काम कसे चालते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण संपादन म्हणजे काना-मात्रा नीट करणे अशी समजूत अजून आहे. एका काव्याच्या चार पोथ्या मिळाल्या तर चारही वेगळ्या असतात. एका नकलनविसाने ओळ गाळलेली असते. दुसऱ्याला शब्द कळला नाही म्हणून त्याने ओळखीचा शब्द घातलेला असतो. तिसऱ्याने भक्तीच्या भरात स्वतःची ओवी जोडलेली असते. चौथी पोथी सर्वांत जुनी, पण वाळवीने अर्धी खाल्लेली. संपादकाने चारही शेजारी ठेवायच्या, प्रत्येक ओळ चारदा वाचायची आणि मूळ शब्द कोणता असेल ते ठरवायचे. त्यातही सोपा शब्द पाहून मोहात पडायचे नाही. नकलनवीस अवघड शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा अवघड सहसा करत नाही. म्हणून अडखळवणारा पाठ बहुधा खरा असतो. नाकारलेले पाठ तळटीपेत द्यायचे, म्हणजे पुढचा माणूस आपली चूक काढू शकेल. आपली चूक काढण्याची सोय आपणच करून ठेवायची, असा हा धर्म आहे. मासिक काही वर्षांत बंद पडले. तेवढ्या वर्षांचे अंक मात्र राहिले.

महानुभावांच्या पोथ्यांचे काम याहून कठीण होते. चक्रधरांच्या अनुयायांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत ठेवले होते. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रचारातली. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे, अशी तिची रचना. कोष्टक ठाऊक असलेल्याला सोपी, इतरांना भिंत. या भिंतीपलीकडे मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचे लीळाचरित्र, पडून होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे या दोघांनी ही भिंत फोडली आणि १९१९ मध्ये निघालेल्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या दुसऱ्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मय आले. मराठी साहित्याचा नकाशाच बदलला. तेराव्या शतकात मराठी माणूस कसा बोलत होता, काय खात होता, कोणत्या गावाहून कोणत्या गावी चालत जात होता, हे त्या गद्यातून ऐकू येऊ लागले. पुढे यवतमाळचे वकील यशवंत खुशाल देशपांडे यांनी वऱ्हाडात बसून महानुभाव पोथ्यांचा माग काढला आणि वि. भि. कोलत्यांनी लीळाचरित्र संपादून छापले. वाट उघडली होती ती आधीच्या पिढीने, आणि त्यातला एक जण ठाण्याचा मीठवाला होता.

भाव्यांनी ‘मराठी दप्तर’ नावाने जुनी बखर छापली, नेपोलियनचे चरित्रही लिहिले. कोणत्याही विद्यापीठात त्यांना आसन नव्हते आणि त्यांनी ते मागितलेही नाही. १९२६ मध्ये ते वारले. मराठी संशोधनाला ते वर्ष फार वाईट गेले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस त्याच वर्षी गेले आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, धुळ्यात राजवाड्यांनी देह ठेवला. तिघांच्याही घरी कागदांचे ढीग होते.

राजवाडे काही काळ शिक्षक होते. नोकरी सोडली, ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, आणि मग मोडी कागद शोधत गावोगाव हिंडण्यात आयुष्य घातले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. १७५० पासून पानिपतापर्यंतची पत्रे त्यात होती. असे बावीस खंड झाले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे लावून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला, आणि त्याबरोबर नाटकेही लिहिली. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यात सयाजीरावांच्या मुलांना शिकवत होते. निवृत्तीनंतर, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पेशवे दप्तराचे काम हाती घेतले आणि १९३० पासून चारपाच वर्षांत ४५ खंड काढले. शाळामास्तर, नाटककार, राजवाड्यातले शिक्षक. यातल्या एकालाही इतिहासाचा संपादक म्हणून कोणी नेमले नव्हते. सरदेसायांनाही नेमले गेले ते आयुष्यभर ते काम स्वतःच्या हौसेने केल्यावर.

याच्या मागे आणखी एक पिढी आहे, आणि तिच्याकडे पाहिले तर हा प्रकार अपवाद नसून रिवाज होता असे दिसते. जेम्स टॉमस मोल्सवर्थ कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला, मराठी शिकला, आणि टॉमस व जॉर्ज या कँडी बंधूंना घेऊन, शास्त्री-पंडितांच्या मदतीने, १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. आजही एखादा खेडवळ शब्द अडला की मी आधी तोच कोश काढतो. कोकणी नावाड्याचे, शेतकऱ्याचे, बायकांच्या बोलण्यातले शब्द त्यात आहेत आणि कुठला शब्द कोणत्या भागातला ते सांगितले आहे. श्रेय वाटताना मात्र आपण एक अन्याय केला. शब्द ज्यांच्या तोंडचे आणि अर्थ ज्यांनी उलगडले, त्या पंडितांची नावे मोल्सवर्थच्या नावाखाली झाकली गेली.

मेजर टॉमस कँडीच्या हाताखाली सरकारी भाषांतरखात्यात काम करणारे परशुरामपंत तात्या गोडबोले. त्यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ काढले. जुन्या मराठी कवितेतले वेचे शाळकरी मुलांसाठी निवडलेले. कित्येक पिढ्यांना मोरोपंत, वामन आणि मुक्तेश्वर भेटले ते या एका पुस्तकातून. निवड करणारा माणूस पुढच्या शंभर वर्षांची अभिरुची घडवतो आणि त्याची कुणाला कल्पना नसते. गोडबोल्यांनी जे घेतले ते ‘मराठी कविता’ झाले; जे गाळले ते परत वर यायला ‘महाराष्ट्र कवि’ निघावे लागले.

तुकारामांच्या गाथेचेही असेच. १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून तिचा पहिला भाग आला. मुंबई सरकारने तिला २४,००० रुपयांचे साहाय्य दिले होते. संपादक दोन: विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. पहिले विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी, ज्यांनी बोलून थांबायचे नाही म्हणून स्वतः विधवेशी विवाह केला. दुसरे सरकारी अधिकारी आणि पुढे पोरबंदर संस्थानचे प्रशासक. सनातन्यांच्या शिव्या खाणारा सुधारक आणि सरकारचा नोकर या दोघांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरच्या वह्या ताडून वारकऱ्यांच्या ओठांवरचे साडेचार हजारांहून अधिक अभंग कागदावर उतरवले. आज वारीत जी गाथा डोक्यावर घेतली जाते, तिच्यामागे हेही हात आहेत.

आता ठाण्याहून परत फिरू. डोंबिवली मागे टाकून, कल्याणहून कर्जतच्या गाडीने पुढे गेले की अंबरनाथनंतर बदलापूर लागते. आज तिथे इमारतींचे जंगल आहे. १९३३ मध्ये उल्हास नदीकाठच्या या खेड्यावर एक जाडजूड पुस्तक निघाले: ‘बदलापूर (आमचा गाव)’. लेखक नारायण गोविंद चापेकर. पेशाने न्यायाधीश.

चापेकरांचा जन्म १८६९ चा. वकिलीची परीक्षा झाली, न्यायखात्यात गेले, जिल्ह्याजिल्ह्यांत बदल्या झाल्या, निवृत्त होऊन बदलापुरास राहिले. न्यायाधीशाला आयुष्यभर एक सवय लागलेली असते: समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यायचे आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. पेन्शनीतल्या चापेकरांनी ती सवय आपल्या गावाला लावली. गावात घरे कोणती, जाती कोणत्या, कोणाकडे किती जमीन, मजुरीचा दर काय, लग्नात देणे-घेणे काय, सणाला काय रांधतात, रोगावर कोणते औषध, गाणी कोणती, शिव्या कोणत्या, भांड्याला आणि अवजाराला काय म्हणतात. कातकऱ्यांपासून ब्राह्मणांपर्यंत प्रत्येकाची साक्ष घेतली. लहान म्हणून कोणतीही बाब त्यांनी टाकली नाही.

याच मुलखाचे वर्णन त्याआधी पन्नास वर्षे झाले होते. जेम्स कॅम्बेल या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर संकलित केले. त्यातले ठाणे जिल्ह्याचे भाग १८८२ मध्ये निघाले. कॅम्बेलचे काम प्रचंड आहे आणि ते वापरल्याशिवाय ठाण्यावर एक ओळही लिहिता येत नाही. त्याच्या दिमतीला कलेक्टर होते, मामलेदार होते, तलाठ्यापर्यंतची साखळी होती. चापेकरांकडे पेन्शन होती आणि चालायला पाय होते. तरी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तर माणसाचा आवाज चापेकरांच्या पानांतून येतो. गॅझेटिअर वाचून तुम्हाला भाताचे उत्पन्न कळेल. पेज कोणी कधी प्यायची, ते विचारायला बदलापूरला जावे लागेल.

चापेकर एवढ्यावर थांबले नाहीत. १९३७ मध्ये ‘पेशवाईच्या सावलीत’ निघाले. जुन्या घराण्यांच्या मोडी जमाखर्चाच्या वह्या उलगडून त्यांतल्या नोंदी त्यांनी निवडून मांडल्या. लढाया नाहीत, तहनामे नाहीत. तांदळाचा भाव, गड्याचा पगार, लुगड्याची किंमत, प्रवासाचा खर्च, दक्षिणा. राजवाड्यांना त्या काळची राज्यकारभाराची पत्रे हवी होती. चापेकरांना किराणा हवा होता. अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या आर्थिक जीवनाचा अभ्यास करणारे आज त्या पुस्तकाशी येऊन थांबतात. हिशेबाच्या वहीत इतिहास असतो हे न्यायाधीशाला दिसले याचे मला नवल वाटत नाही. दिवाणी दाव्यात सर्वांत खरा साक्षीदार बहुधा वहीच असते.

१९३४ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चापेकरांना मिळाले. १९६८ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. त्यांनी वर्णन केलेले बदलापूर त्याआधीच बदलायला लागले होते. आता ते फक्त त्यांच्या पुस्तकात आहे.

भावे आणि चापेकर एकटे राबले. संपादनाचा कारखाना उभा केला तो श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. रायपूरला जन्म, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी., जातिसंस्थेवर इंग्रजी ग्रंथ, आणि परत आल्यावर मराठीत ज्ञानकोश काढण्याचा निश्चय. पैसे कोण देणार? केतकरांनी त्यासाठी मर्यादित कंपनी काढली आणि समभाग विकले. विद्येची कंपनी! गावोगाव हिंडून, वकील, डॉक्टर, इनामदार यांच्या दारात उभे राहून त्यांनी भांडवल जमवले. काम नागपुरात सुरू झाले, पुढे पुण्यास आले. तेवीस खंड पुरे झाल्यावर त्यांनी ज्ञानकोश मंडळाचा हिशेब जनतेला दिला, त्या पुस्तकाचे नावच ‘माझे बारा वर्षांचे काम’. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन ज्यू, एडिथ कोहन. विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणला. केतकर स्वतः कादंबऱ्याही लिहीत होते. १९३७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या हाती पैसा नव्हता.

पण ज्ञानकोशाच्या त्या कचेरीत माणसे तयार झाली, आणि मला ती तेवीस खंडांइतकीच मोलाची वाटतात. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव तिथे होते. त्यांनी पुढे एकहाती चरित्रकोशाचे तीन भाग केले, प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे तिथलेच. त्यांनी सहकाऱ्यांसह १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग पुरे केले. कोशाचे काम चिठ्ठ्यांवर चालते. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, तो कुठे आला तो उतारा. लाखो चिठ्ठ्या लिहायच्या, वर्णानुक्रमे लावायच्या, आणि एक चिठ्ठी चुकीच्या खणात गेली तर तो शब्द भाषेतून गेला असे समजायचे. संगणकावर एका क्षणात क्रम लावणाऱ्या आजच्या तरुण संपादकाने एकदा नुसते शंभर शब्द चिठ्ठ्यांवर लिहून लावून पाहावेत. दाते-कर्वे जोडीने हे आयुष्यभर केले, वाक्संप्रदाय कोशही केला.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी कीर्तन आणि ज्योतिषाच्या परंपरेत वाढले. शाळा फारशी नाही. कथा लिहू लागले. ‘मानिनी’सारखे चित्रपट त्यांच्या कथांवर निघाले. त्यांच्या पत्नी सुधाताईंनी गोवामुक्तीच्या लढ्यात पोर्तुगिजांचा तुरुंग भोगला. आणि या कथाकाराने दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ केला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले तेव्हा त्यांच्याकडे आधुनिक विद्यापीठाची पदवी नव्हती. पाठशाळेतले न्याय आणि वेदान्त, स्वातंत्र्यलढ्यातला तुरुंग आणि मानवेंद्रनाथ रॉय यांची संगत होती. सरोजिनी बाबर आमदार झाल्या, खासदार झाल्या, आणि महाराष्ट्र लोकसाहित्य समितीच्या कामातून त्यांनी जात्यावरच्या, पाळण्याच्या, भोंडल्याच्या गाण्यांचे खंडामागून खंड छापले. बायकांच्या तोंडचे जे कोणी लिहून घेत नव्हते ते एका राजकारणात वावरणाऱ्या बाईने लिहून घेतले, याबद्दल त्यांचे ऋण आपण अजून मानलेले नाही.

आमच्या काळात, पुन्हा ठाण्यातच, अरुण फडके होते. मराठी शब्द नेमका कसा लिहायचा, सामान्यरूप कसे होते, ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, याचा ‘मराठी लेखन-कोश’ त्यांनी केला, आणि गावोगाव जाऊन शुद्धलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. मे २०२० मध्ये ते गेले. माझ्या मेजावर त्यांचा कोश हाताच्या अंतरावर असतो. त्याची बांधणी दोनदा नव्याने करून घेतली आहे.

ही सगळी माणसे एका ओळीत उभी केली की वाटते, संपादक हा वेगळा वर्ग म्हणून आपल्याकडे जन्मलाच नाही. तो मिठाच्या वखारीतून, कोर्टातून, पलटणीतून, कीर्तनाच्या बैठकीतून, शाळेच्या वर्गातून आला. येताना आपल्या धंद्याची शिस्त घेऊन आला, आणि पुस्तकाला तीच शिस्त लागली. प्राध्यापक नंतर आले. त्यांनी ते काम पुढे नेले, दुरुस्त केले, कित्येकदा फार उंचीला नेले. ‘सारस्वता’ला शं. गो. तुळपुळ्यांनी पुरवणी जोडली. त्याच तुळपुळ्यांनी पुढे अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीबरोबर जुन्या मराठीचा कोश केला. पण जो पहिला ढीग उपसायचा असतो, ज्याला अनुदान नसते, पद नसते आणि बऱ्याचदा वाचकही नसतो, तो उपसला दिवसा दुसरेच काम करणाऱ्यांनी.

म्हणून हे डोंबिवलीकरांना सांगावेसे वाटते. आपल्या गावात जुन्या चाळी, जुने बंगले पाडून टोलेजंग इमारती होत आहेत. माळा रिकामा करताना आजोबांच्या मोडीतल्या वह्या, पणजीच्या हातच्या ओव्यांची वही, किराण्याचे चोपडे, गावाकडून आणलेली रुमालात बांधलेली पोथी निघते. ती रद्दीत देऊ नका. वाचता येत नसेल तरी चालेल. ती कोरड्या जागी ठेवा आणि एखाद्या रविवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन दाखवा. मोडी वाचणारे त्यांना ठाऊक असतात. आणि निवृत्तीला दोन-चार वर्षे उरली असतील, तर मोडी लिपीच्या वर्गाला स्वतःच नाव घाला. चापेकरांनी बदलापूरचे काम पेन्शनीत केले.